सामायिक स्टेट: आधी यादी, शेवटी स्टोअर

एका कंपोनंटमधील (पडद्याच्या एका स्वतंत्र तुकड्यातील) बदलती माहिती, म्हणजे स्टेट, दूरच्या दुसऱ्या कंपोनंटला हवी झाली, की बहुतेक प्रकल्पांत सर्वांत आधी लायब्ररी निवडली जाते. मग स्टोअर, म्हणजे सर्व कंपोनंटना वाचता येणारी सामायिक साठवण, उभे राहते आणि सर्व्हरवरून आलेली यादी, उघडमीट होणारा मेनू, अर्धवट भरलेला फॉर्म, कार्टची एकूण रक्कम असे सगळे त्यात जाऊन बसते. काही महिन्यांनी एकाच गोष्टीचे दोन ठिकाणी दोन आकडे दिसू लागतात आणि दोष लायब्ररीवर जातो. वस्तुतः चूक क्रमाची असते. स्टोअर ही बरीच उशिराची पायरी आहे. त्याआधी जे काढून टाकायचे ते नीट काढले, तर स्टोअरमध्ये ठेवण्याजोगे फारच थोडे उरते.

पुढील सर्व टप्पे रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीची १८ वी किंवा १९ वी आवृत्ती गृहीत धरून लिहिले आहेत. उदाहरण म्हणून हापूसच्या पेट्यांची मागणी घेणारे एक संकेतस्थळ डोळ्यांसमोर ठेवू. त्यात पेट्यांची यादी आणि तिच्यावर रत्नागिरी की देवगड, किती डझनांची पेटी असे फिल्टर आहेत. हेडरमध्ये कार्टचा आकडा आहे, कार्टचे व पत्त्याचे स्वतंत्र पान आहे, लॉगिन आहे, आणि ग्राहकाने निवडलेल्या शहरानुसार भाव बदलतो.

## पूर्वतयारी: स्टेटची यादी

कोडला हात लावण्यापूर्वी एक तक्ता करावा. संपूर्ण प्रकल्पात 'यूजस्टेट', 'यूजरेड्यूसर' (स्टेट ठेवण्याची रिॲक्टची दोन फंक्शन) आणि असेल ते जुने स्टोअर शोधावे व सापडलेल्या प्रत्येक स्टेटसाठी एक ओळ लिहावी. रकाने पाच: स्टेटचे नाव, ती कोणते कंपोनंट वाचतात, ती कोण बदलतो, तिची मूळ प्रत कोठे आहे, आणि ती किती काळ टिकायला हवी.

चौथा रकाना भरताना बहुतेक जण घाई करतात. पेट्यांच्या भावाची मूळ प्रत डेटाबेसमध्ये असते, ब्राउझरमध्ये असते ती केवळ नक्कल. निवडलेल्या फिल्टरची मूळ प्रत ब्राउझरच्या पत्त्यात (यूआरएलमध्ये) असू शकते. मेनू उघडा आहे की बंद, याची मूळ प्रत मात्र खरोखरच त्या कंपोनंटमध्ये आहे. पाचव्या रकान्यासाठी प्रत्येक ओळीला चार प्रश्न विचारावेत: पान रिफ्रेश केल्यावर ही माहिती राहायला हवी का? दुसऱ्या टॅबमध्ये दिसायला हवी का? लिंक दुसऱ्याला पाठवली तर त्याला दिसायला हवी का? लॉगआउट केल्यावर ती पुसली जायला हवी का? उत्तरे डेव्हलपरने एकट्याने ठरवू नयेत. कार्ट दुसऱ्या टॅबमध्ये दिसावी की नाही, हा निर्णय धंद्याचा आहे.

याच वेळी रिॲक्ट डेव्हलपर टूल्स बसवून घ्यावीत आणि त्यांतील, रेंडर होणाऱ्या (पडद्यासाठी पुन्हा तयार होणाऱ्या) कंपोनंटभोवती चौकट दाखवणारी सेटिंग चालू करावी. पुढील तपासण्यांना ती लागेल.

## टप्पा १: हिशोबाने निघणारी स्टेट पुसा

यादीतील जी ओळ दुसऱ्या ओळींवरून काढता येते, ती स्टेट नव्हे. कार्टमधील एकूण पेट्या, एकूण रक्कम, 'कार्ट रिकामी आहे का', फिल्टर लावून उरलेली यादी या सर्व गोष्टी रेंडरच्या वेळी साध्या गणिताने मिळतात. तरीही त्या वेगळ्या ठेवल्या जातात आणि मूळ माहिती बदलली की 'यूजइफेक्ट'मधून त्यांना नवे मूल्य दिले जाते. या पद्धतीत दोन दोष आहेत. पहिला असा, की इफेक्ट रेंडरनंतर चालतो, त्यामुळे एक रेंडर जुन्या आकड्यासह होतो आणि मग दुसरा रेंडर करावा लागतो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे: मूळ माहिती बदलणारी नवी वाट कोणी सहा महिन्यांनी जोडली आणि त्या वाटेवर हिशोब अद्ययावत करायचा राहिला, की दोन सत्ये तयार होतात. मी एकदा पूर्ण दिवस घालवून असा दोष शोधला होता. हेडरमध्ये ३ आणि कार्टच्या पानावर २. कारण एवढेच, की वस्तू काढण्याचे नवे बटण एकूण संख्येच्या स्टेटला कळवतच नव्हते, आणि ते बटण मीच जोडले होते.

गणित जड असेल तर आधीचा निकाल लक्षात ठेवणारा 'यूजमेमो' वापरावा. काही शे पेट्यांची बेरीज जड नसते, हे आधी मोजून पाहावे.

याच टप्प्यात आणखी दोन गोष्टी उरकाव्यात. निवडलेल्या पेटीचा संपूर्ण ऑब्जेक्ट स्टेटमध्ये ठेवला असेल तर तो काढून फक्त तिचा आयडी ठेवावा, अन्यथा यादी ताजी झाली तरी निवडलेली प्रत जुन्याच भावाची राहते. तसेच 'लोड होत आहे', 'चूक झाली', 'यशस्वी झाले' अशा तीन स्वतंत्र खऱ्या-खोट्या स्टेट असतील, तर त्यांच्या आठ जोड्या संभवतात आणि त्यांतील बहुतेक अर्थशून्य असतात. त्यांच्या जागी एकच 'स्थिती' ठेवून तिला ठरावीक मूल्ये द्यावीत.

तपासणी: प्रकल्पातील प्रत्येक 'यूजइफेक्ट' पाहा. ज्याच्या आत केवळ एक स्टेट वाचून दुसरी लिहिली जाते, तो या टप्प्यात राहून गेलेला आहे.

## टप्पा २: सर्व्हरची माहिती वेगळी काढा

पेट्यांची यादी, भाव, ग्राहकाच्या जुन्या मागण्या ही ब्राउझरची मालमत्ता नाही. ती कॅश, म्हणजे सर्व्हरवरील माहितीची तात्पुरती नक्कल आहे, आणि कॅशचे प्रश्न वेगळे असतात: ती कधी शिळी झाली, पुन्हा कधी आणायची, दोन कंपोनंटनी एकाच वेळी मागितली तर विनंती एकदाच कशी जाईल, उत्तरे उलट्या क्रमाने आली तर काय. हे सर्व रेड्यूसरमध्ये (जुन्या स्टेटवरून नवी काढणाऱ्या फंक्शनमध्ये) हाताने लिहिण्यापेक्षा टॅनस्टॅक क्वेरी किंवा आरटीके क्वेरी यांसारखे साधन वापरावे. रीडक्स (स्टोअरची एक लायब्ररी) आधीच असेल तर दुसरे सोयीचे, नसेल तर पहिले.

साधन बसवले म्हणजे काम झाले असे मात्र नाही. टॅनस्टॅक क्वेरीच्या मूळ सेटिंग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिच्यात माहिती आल्याक्षणी शिळी मानली जाते, म्हणजे 'स्टेलटाइम' शून्य असतो. त्यामुळे कंपोनंट नव्याने बसला, खिडकीवर पुन्हा लक्ष आले किंवा नेटवर्क परत जोडले गेले, की विनंती पुन्हा जाते. कोणीही वापरत नसलेली माहिती ५ मिनिटांनी काढून टाकली जाते. अपयशी वाचन ३ वेळा पुन्हा करून पाहिले जाते. पेट्यांची यादी दर काही मिनिटांनी बदलत नसेल, तर तिला योग्य 'स्टेलटाइम' द्यावा. 'विनंत्या फार जातात' या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच असते.

लिहिण्याच्या विनंत्या, म्हणजे म्युटेशन, मात्र आपोआप पुन्हा केल्या जात नाहीत, आणि ते योग्यच आहे. ऑर्डर नोंदवण्याच्या विनंतीला पुन:प्रयत्न लावण्याआधी, तीच विनंती दोनदा आली तरी एकच ऑर्डर धरण्याची व्यवस्था सर्व्हरवर आहे याची खात्री करावी. नाहीतर ग्राहकाच्या दारात दुप्पट पेट्या येतील.

सर्वाधिक घडणारी चूक क्वेरीच्या 'की'मध्ये, म्हणजे कॅशमधील माहिती ओळखण्याच्या खुणेत, असते. शहरानुसार भाव बदलत असेल तर की मध्ये शहर असलेच पाहिजे. केवळ 'पेट्या' एवढीच की ठेवली, तर पुण्याचा ग्राहक शहर बदलून नागपूर करतो आणि त्याला पुण्याचेच भाव दिसत राहतात. विनंतीत वापरलेले प्रत्येक बदलते मूल्य की मध्ये यावे, हा नियम अपवादाविना पाळावा.

सावधान: क्वेरीतून आलेली माहिती इफेक्टमधून स्टोअरमध्ये कॉपी करू नये. तसे केले की ताजेपणाची सारी व्यवस्था क्वेरीकडे आणि दाखवली जाणारी प्रत मात्र स्टोअरकडे, अशी फाळणी होते.

यावरून कार्टविषयीचा एक निर्णयही होऊन जातो. कार्टमध्ये पेटीचा आयडी आणि संख्या एवढेच ठेवावे, भाव व नाव क्वेरीतून घ्यावे. शेवटची रक्कम तर सर्व्हरनेच मोजायची असते. ब्राउझरने पाठवलेल्या रकमेवर विश्वास ठेवणारे संकेतस्थळ मी पाहिले आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

## टप्पा ३: पत्त्यात राहू शकणारी स्टेट पत्त्यात ठेवा

फिल्टर, क्रमवारी, पान क्रमांक, उघडा टॅब यांची जागा ब्राउझरच्या पत्त्यात आहे. तेथे ठेवल्यास रिफ्रेश, मागे जाण्याचे बटण आणि लिंक पाठवणे या तिन्ही गोष्टी जवळजवळ फुकट मिळतात. तीन बाबी सांभाळाव्यात. पत्त्यातून येणारे प्रत्येक मूल्य मजकूर असते, म्हणून '२' आणि २ यांत फरक पडणार नाही असे रूपांतर एकाच ठिकाणी करावे व अमान्य मूल्य आल्यास ठरलेले मूल्य धरावे. शोधाच्या चौकटीत टाइप होणाऱ्या प्रत्येक अक्षराला इतिहासात नवी नोंद करू नये, चालू नोंदच बदलावी. अन्यथा 'देवगड' टाइप केलेल्या ग्राहकाला मागच्या पानावर जायला बटण अनेकदा दाबावे लागते. आणि पत्ता सर्व्हरच्या नोंदींत व इतरांच्या हाती जातो, म्हणून फोन क्रमांक किंवा टोकन (लॉगिनची गुप्त खूण) त्यात कधीही ठेवू नये.

तपासणी: फिल्टर लावून लिंक खाजगी खिडकीत उघडा. तीच यादी दिसली पाहिजे.

## टप्पा ४: स्थानिक ते स्थानिकच ठेवा

मेनू, टूलटिप, अर्धवट भरलेला पत्त्याचा फॉर्म हे ज्याचे त्याच्या कंपोनंटमध्ये राहावे. दोन शेजारी कंपोनंटना एकच माहिती हवी असेल, तर ती त्यांच्या सर्वांत जवळच्या सामायिक पालकात उचलून न्यावी, त्याहून वर नेऊ नये. मधले कंपोनंट केवळ प्रॉप्स (पालकाने दिलेली मूल्ये) पुढे पोचवण्याचे काम करत असतील, तर कॉन्टेक्स्टकडे (मधल्यांना वगळून माहिती आत पोचवण्याच्या रिॲक्टच्या सोयीकडे) धावण्याआधी रचना बदलून पाहावी: पालकाने तयार घटकच 'चिल्ड्रन' म्हणून आत दिला, तर मधल्यांना त्या माहितीची गंधवार्ताही लागत नाही. ग्राहकाने पेटी पोचवण्याचा दुसरा पत्ता निवडल्यावर फॉर्म कोरा व्हायला हवा असेल, तर इफेक्टमधून एकेक चौकट पुसत बसू नये. फॉर्मला पत्त्याच्या आयडीची 'की' द्यावी. की बदलली की रिॲक्ट जुना कंपोनंट टाकून नवा बसवतो.

## टप्पा ५: उरलेल्याचा आकार ठरवा

आता तक्ता पुन्हा पाहावा. आपल्या उदाहरणात कार्ट, निवडलेले शहर आणि लॉगिन केलेल्या ग्राहकाची ओळख एवढ्याच ओळी शिल्लक राहतात. हाच सामायिक स्टेटचा खरा आवाका.

कार्टसाठी ऑब्जेक्टांची यादी न ठेवता आयडीवरून संख्या सांगणारा नकाशा ठेवावा. यादी ठेवली तर एकच पेटी दोनदा शिरण्याची शक्यता राहते आणि प्रत्येक बदलासाठी शोध घ्यावा लागतो. नकाशात एका आयडीला एकच जागा असते. येथे नकाशा म्हणजे साधा ऑब्जेक्ट. जावास्क्रिप्टचा 'मॅप', 'डेट' किंवा प्रॉमिस रीडक्समध्ये ठेवू नये. रीडक्स टूलकिट विकसनाच्या वेळी त्याबद्दल इशारा देते. तो इशारा बंद करण्यापेक्षा तारीख मजकुराच्या रूपात ठेवावी.

मग बदलांची नावे लिहावीत, आणि ती घटनांच्या भाषेत असावीत: 'पेटी जोडली', 'संख्या बदलली', 'शहर बदलले', 'लॉगआउट झाले'. 'सेट कार्ट' असे एकच सर्वसमावेशक नाव ठेवले, तर कार्ट चुकीची झाल्यावर ती कोणी व का बदलली हे नोंदींवरून कळत नाही. शिवाय घटनेचे नाव असले की तिला अनेक ठिकाणी प्रतिसाद देता येतो. 'लॉगआउट झाले' ऐकून कार्टही रिकामी होते आणि ओळखही पुसली जाते.

## टप्पा ६: आता साधन निवडा

शहर, भाषा, थीम यांसारखी क्वचित बदलणारी गोष्ट असेल तर रिॲक्टचा कॉन्टेक्स्ट पुरेसा आहे. तो स्टेट सांभाळत नाही, केवळ पोचवतो. स्टेट 'यूजस्टेट' किंवा 'यूजरेड्यूसर'मध्येच असते. अनेक ठिकाणांहून वारंवार बदलणारी पण छोटी स्टेट असेल तर झुस्टँड ही छोटी स्टोअर लायब्ररी चालेल. बदलांची नोंद तपासत मागे जाण्याची गरज असेल, संघ मोठा असेल, नियम एकाच पद्धतीने लिहिलेले हवे असतील, तर रीडक्स टूलकिट घ्यावे. जुन्या धड्यांतील 'क्रिएटस्टोअर' २०२२ पासून कालबाह्य ठरवलेला आहे, त्याऐवजी 'कॉन्फिगरस्टोअर' वापरावा. रिॲक्टऐवजी व्ह्यूवर काम करणाऱ्यांनी हेच टप्पे पाळून शेवटी पिनिया हे व्ह्यूचे स्टोअर घ्यावे.

कॉन्टेक्स्ट निवडल्यास दोन सापळे आहेत. प्रोव्हायडरला (कॉन्टेक्स्टचे मूल्य पुरवणाऱ्या कंपोनंटला) दिलेले मूल्य प्रत्येक रेंडरला नव्याने बनणारा ऑब्जेक्ट असेल, तर प्रत्यक्षात काहीही न बदलता सर्व वाचक पुन्हा रेंडर होतात, आणि वाचक कंपोनंटला 'मेमो' लावूनही ते थांबत नाही. म्हणून मूल्य 'यूजमेमो'त ठेवावे, आणि वाचण्याचे मूल्य व बदलण्याचे फंक्शन यांसाठी दोन स्वतंत्र कॉन्टेक्स्ट करावेत. दुसरा सापळा शांत आहे: प्रोव्हायडर लावायचा राहिला तरी कॉन्टेक्स्ट तक्रार करत नाही, मूळ ठरलेले मूल्य परत देतो. स्वतःचा हुक ('यूज'ने सुरू होणारे फंक्शन) लिहून त्यात, प्रोव्हायडर नसल्यास स्पष्ट एरर फेकावी.

## टप्पा ७: जोडणी

सर्वाधिक वेळ येथे द्यावा, कारण दोष येथेच शिरतात आणि फार उशिरा दिसतात.

वाचणे. प्रत्येक कंपोनंटने स्टोअरमधून स्वतःला लागेल तेवढेच घ्यावे. हेडरने संपूर्ण कार्ट न घेता केवळ एकूण संख्या घ्यावी. संख्या बदलली नाही तर हेडर पुन्हा रेंडर होणार नाही. सिलेक्टरचा (स्टोअरमधून हवा तेवढा भाग काढणाऱ्या फंक्शनचा) निकाल आधीच्या निकालाशी कडक समानतेने ताडला जातो, म्हणून सिलेक्टरच्या आत 'फिल्टर' किंवा 'मॅप' करून दर वेळी नवी यादी परत दिली, तर मजकूर तोच असूनही ती वेगळी ठरते. रीडक्समध्ये याचा परिणाम अनावश्यक रेंडर एवढाच होतो. झुस्टँडच्या ५ व्या आवृत्तीत मात्र त्यातून न संपणारे रेंडर सुरू होऊन पान कोसळू शकते. उपाय तीन: मूळ तुकडा घेऊन गाळण्याचे काम कंपोनंटमध्ये 'यूजमेमो'ने करावे, रीडक्समध्ये 'क्रिएटसिलेक्टर' वापरावा, किंवा झुस्टँडमध्ये 'यूजशॅलो' वापरावा.

लिहिणे. रीडक्स टूलकिटच्या 'क्रिएटस्लाइस'च्या आत, थेट लिहिलेल्या बदलातून नवी प्रत बनवणारी इमर ही लायब्ररी काम करते, म्हणून तेथे थेट बदल लिहिता येतो. त्याबाहेर तसे लिहिता येत नाही, आणि हा फरक विसरणारे पुष्कळ आहेत. इमरच्या आतही एक खाच आहे. एका ओळीचे ॲरो फंक्शन लिहून त्यात केवळ मूल्य नेमले, तर नेमलेले मूल्यच परतही दिले जाते. बदलही केला आणि नवे मूल्यही परत दिले, असे झाल्यामुळे इमर एरर देते. अशा फंक्शनला महिरपी कंस द्यावेत.

पुढील दोन लक्षणे ओळखून ठेवावीत. एकाच हँडलरमध्ये दोनदा वाढ केली पण पेटी एकच वाढली, तर नवे मूल्य रेंडरच्या वेळच्या जुन्या मूल्यावरून काढले जात आहे. तेथे आधीचे मूल्य घेऊन नवे देणारे फंक्शन द्यावे. बटण एकदाच दाबले आणि पेट्या दोन वाढल्या, तेही केवळ विकसनाच्या वेळी, तर 'यूजरेड्यूसर'ला दिलेला रेड्यूसर जुन्या स्टेटमध्येच बदल करत आहे. रिॲक्टचा स्ट्रिक्ट मोड विकसनाच्या वेळी रेड्यूसर मुद्दाम दोनदा चालवतो, म्हणून ते उघडे पडते. अशा वेळी स्ट्रिक्ट मोड बंद करणारे महाभाग असतात. तो चालू ठेवून रेड्यूसर दुरुस्त करावा.

तपासणी: चौकट दाखवणारी सेटिंग चालू ठेवून एका पेटीची संख्या वाढवा. ती ओळ, एकूण रक्कम आणि हेडरचा आकडा यांभोवतीच चौकट उमटली पाहिजे. पूर्ण पान चमकले तर वाचण्याचा भाग पुन्हा पाहावा.

## टप्पा ८: टिकवणे आणि पुसणे

तक्त्यात 'रिफ्रेशनंतर राहावी' असे असेल तेवढेच लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या स्वतःच्या साठवणीत) ठेवावे. त्याची मर्यादा साधारण ५ एमबी असते, त्यात केवळ मजकूर राहतो, आणि लिहिणे-वाचणे होईपर्यंत पानाचे इतर काम थांबते. साठवताना आवृत्ती क्रमांक सोबत ठेवावा. कार्टचा आकार पुढे बदलला, तर जुन्या ग्राहकांच्या ब्राउझरमध्ये जुनाच आकार पडून असतो आणि नवा कोड त्यावर कोसळतो. तुमच्या संगणकावर हे कधीच दिसत नाही, कारण तुमची साठवण केव्हाच पुसलेली असते. वाचन ट्राय-कॅचमध्ये करावे आणि आवृत्ती जुळली नाही तर रूपांतर करावे किंवा टाकून द्यावे.

दुसऱ्या टॅबला कळवण्यासाठी 'स्टोरेज' इव्हेंट ऐकावा. ज्या टॅबने बदल केला त्याच टॅबमध्ये तो येत नाही, हे लक्षात न घेतल्याने 'इव्हेंट चालत नाही' अशी समजूत होते.

पाने सर्व्हरवर रेंडर होत असतील तर आणखी दोन गोष्टी. सर्व्हरला लोकलस्टोरेज दिसत नाही, त्यामुळे तो हेडरमध्ये ० लिहितो आणि ब्राउझर ३, व हायड्रेशनची (सर्व्हरचे पान ब्राउझरमध्ये जिवंत करण्याच्या टप्प्याची) तक्रार येते. पहिला रेंडर सर्व्हरशी जुळता ठेवून साठवलेले मूल्य त्यानंतर आणावे.

गंभीर सावधान: सर्व्हरवर स्टोअर मॉड्यूलच्या (कोडच्या फाइलच्या) पातळीवर एकदाच बनवू नये. सर्व्हरवरची प्रक्रिया अनेक ग्राहकांच्या विनंत्या हाताळते, त्यामुळे एकाची माहिती दुसऱ्याच्या पानात जाऊ शकते. प्रत्येक विनंतीसाठी नवे स्टोअर बनवावे.

लॉगआउटच्या वेळी तीन जागा पुसायच्या असतात: स्टोअर, क्वेरीची कॅश आणि लोकलस्टोरेज. मधली जागा हमखास विसरली जाते, आणि त्याच संगणकावर बसलेल्या पुढच्या व्यक्तीला आधीच्याच्या मागण्या क्षणभर दिसतात.

## टप्पा ९: चालू प्रकल्पात बदल करताना

सर्व स्टोअर एकदम हलवू नये. एका वेळी एकच ओळ घ्यावी, आणि प्रथम सर्व्हरची माहिती हलवावी, कारण तिच्यामुळे स्टोअर सर्वाधिक हलके होते. जुनी व नवी जागा एकाच वेळी लिहिती ठेवू नये. एका ओळीचे सर्व वाचक व लेखक एकाच बदलात हलवून जुनी जागा त्याच वेळी काढून टाकावी. प्रत्येक बदलानंतर पुढील फेरी हातानेच करावी: नेटवर्क मुद्दाम संथ करून शहर दोनदा पटापट बदला, दोन टॅब उघडून एकात पेटी जोडा, पान रिफ्रेश करा, मागे जा, लॉगआउट करून दुसऱ्या खात्याने लॉगिन करा. रेड्यूसरच्या स्वयंचलित चाचण्या त्यानंतर लिहिल्या तरी चालतील. लॉगआउटची फेरी मात्र कोणताही बदल प्रसिद्ध करण्याआधीच व्हायला हवी.